शून्य अंशाला चार मिलिअँपिअर का?

गोंदिया जिल्हा धानासाठी प्रसिद्ध आहे. उकडा तांदूळ तयार करताना राईस मिलमध्ये धान प्रथम गरम पाण्यात भिजवतात, नंतर त्याला वाफ देतात आणि वाळवून भरडतात. भिजवण्याचे पाणी साधारणपणे ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाचे असते. ते फार तापले तर दाणे फुगतात आणि तुसे फाटतात. समजा, हे तापमान राखण्याचे काम यंत्राकडे सोपवायचे आहे. पण नियंत्रणाची खोली टाकीपासून १०० मीटर दूर आहे. मग टाकीतले तापमान खोलीत कसे कळवायचे?

त्यासाठी आधी तापमानाचे विजेच्या भाषेत रूपांतर करावे लागते. प्लॅटिनमच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. प्रचलित प्रकारच्या संवेदकात तो ० अंशाला १०० ओहम, तर १०० अंशांना १३८.५ ओहम असतो. म्हणजे एका अंशामागे वाढ होते अवघी ०.३८५ ओहम!

आता हा संवेदक साध्या दोन तारांनी खोलीतील मापकाला जोडला तर काय होईल? तांब्याची १ चौरस मिलिमीटर छेदाची तार जाऊन-येऊन २०० मीटर लागेल. तिचाच रोध सुमारे ३.४ ओहम भरतो. मापक तोही मोजणार आणि तापमान जवळजवळ ९ अंशांनी जास्त दाखवणार. पाणी ६५ अंशांवर असताना मापक ७४ अंश सांगेल!

दुसरा एक संवेदक म्हणजे तापयुग्म. दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून त्यांचे सांधे वेगवेगळ्या तापमानांवर ठेवले तर विद्युत् दाब निर्माण होतो, असे झेबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये आढळले. तिरोडा येथे ६६० मेगावॉटच्या ५ संचांचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रांत वाफेचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. तेथे तापयुग्म उपयोगी पडते. पण क्रोमेल-अ‍ॅल्युमेल तापयुग्म ५०० अंशांनाही सुमारे २०.६ मिलिव्होल्टच देते. बॅटरीच्या साध्या सेलच्या दाबाचा हा सत्तरावा भागही नाही. शेजारून मोटारींच्या तारा जात असतील तर त्यांतील ५० हर्ट्झची गुणगुण या दुबळ्या संकेतात सहज मिसळते.

म्हणून संकेत पाठवण्यापूर्वी त्याच्यावर काही संस्कार करतात. विवर्धक त्याला मोठा करतो. गाळणी-मंडल जलद कंपने अडवते आणि तापमानाचे संथ बदल तेवढे पुढे जाऊ देते. शेवटी संवेदकाजवळचा ट्रान्समीटर या संकेताचे ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहात रूपांतर करतो. दाबाऐवजी प्रवाहच का? कारण एकसरी मंडलात प्रवाह सगळीकडे सारखाच असतो. तार लांबली म्हणून तो घटत नाही. ट्रान्समीटर तो नेमका राखतो. खोलीत २५० ओहमच्या रोधातून तो नेला की १ ते ५ व्होल्ट दाब मिळतो.

० ते १०० अंशांच्या मापनासाठी ० अंशाला ४ आणि १०० अंशांना २० मिलिअँपिअर ठरवतात. मग ६५ अंशांना प्रवाह किती? १६ चे ६५ टक्के १०.४, त्यात ४ मिळवा. उत्तर १४.४ मिलिअँपिअर.

पण सुरुवात शून्यापासून का नाही? समजा, शून्य अंशाला शून्य प्रवाह ठरवला आणि उंदराने तार कुरतडली. प्रवाह शून्य होईल. यंत्राला वाटेल, पाणी गार पडले! ते वाफेची झडप उघडेल आणि उघडीच ठेवील. पाणी उकळेल, टाकीतले धान वाया जाईल. बॉयलरसारख्या ठिकाणी तर माणसांच्या जिवावर बेतेल. ४ मिलिअँपिअरपासून सुरुवात केली तर ही फसगत टळते. ४ चा अर्थ ‘पाणी अगदी थंड’. शून्याचा अर्थ ‘निरोपच आला नाही’. मग यंत्र झडप बंद करून धोक्याची घंटा वाजवू शकते. शिवाय दोन तारांचा ट्रान्समीटर याच किमान प्रवाहावर स्वतः चालतो. त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नाही.

निरोप शून्याचा आहे की निरोपच नाही, हा भेद कळणे मापनात फार महत्त्वाचे आहे.

सोडवून पाहा : धान वाळवण्याच्या यंत्रातील गरम हवेसाठी ० ते २०० अंशांचा ट्रान्समीटर लावला आहे. प्रवाह १६ मिलिअँपिअर असेल तर तापमान किती? आणि प्रवाह शून्य झाला तर तुम्ही काय समजाल? (उत्तरे : १५० अंश, तार तुटली किंवा पुरवठा बंद पडला.)