रक्तदाबाच्या औषधांसोबत गुडघेदुखीची गोळी

प्रश्न : वडिलांचे वय ७४, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी नियमित चालू आहे. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून द्यावी काय?

उत्तर : परस्पर देऊ नये. मूत्रपिंडाकडे जाणारी सूक्ष्म रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे रुंद राहते आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके नेमकी हीच द्रव्ये रोखतात; दुसरीकडे टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाहिनी सैल करते व लघवीची गोळी शरीरातील पाणी घटवते, त्यामुळे तिन्ही एकत्र आल्यास रक्त गाळण्यासाठी लागणारा दाब कोसळून, विशेषतः जुलाब-उलट्यांत, मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका वाढतो. शिवाय या वेदनाशामकांमुळे अंगात मीठ-पाणी साठून रक्तदाब चढतो आणि खरे कारण न ओळखता रक्तदाबाच्याच गोळ्या वाढवल्या जातात. मूत्रपिंडाचे काम ज्यावरून जोखतात ते क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारे टाकाऊ द्रव्य, उतारवयात स्नायू झडल्याने मुळातच कमी असते, म्हणून ‘नॉर्मल’ अहवालावर विसंबू नये. डायक्लोफेनॅकचे मलम गोळीच्या तुलनेत रक्तात फारच कमी उतरत असल्याने डॉक्टरांना विचारून प्रथम तेच वापरून पाहावे. भारतात डायक्लोफेनॅकच्या गोळ्या ‘शेड्यूल एच’मध्ये, अर्थात चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत, मोडतात; शिवाय कोणतेही औषध घेताना चालू असलेली सर्व पाकिटे औषधविक्रेत्याला दाखवावीत.