ख्रिस्ती मनुष्यानें शनिवारचा शब्बाथ पाळावा काय?

गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. चांचणी परीक्षा शनिवारीं सकाळीं ठेवली होती. वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या घरीं सातव्या दिवसाचा शब्बाथ पाळितात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत तो अभ्यासाचें पुस्तक उघडीत नाहीं. अर्थात् तो परीक्षेस आला नाहीं. सोमवारीं मुलांनीं त्याची थट्टा केली, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "चौथी आज्ञा मीं केलेली नाहीं. तुम्ही रविवार पाळतां, तो कोणत्या आज्ञेनें?" सारा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. "त्या जुन्या करारांतल्या गोष्टी," असें म्हणून आम्हीं धडा पुढें चालविला. बाकीच्या नऊ आज्ञाही जुन्या करारांतच आहेत, हें त्या मुलानें आम्हांस सुनावलें नाहीं, ही त्याची सभ्यता होय. त्या दिवशीं जें उत्तर द्यावयाचें राहिलें, तें देण्याचा येथें यथामति प्रयत्न करितों.

१. आज्ञा काय आहे?

शब्बाथ ह्या इब्री शब्दाचें मूळ थांबणें, विसावणें ह्या अर्थाचें आहे. दहा आज्ञा पवित्र शास्त्रांत दोन ठिकाणीं आल्या आहेत, आणि विशेष हें कीं, शब्बाथाच्या आज्ञेचें कारण दोन्ही ठिकाणीं निराळें दिलें आहे. निर्गमाच्या २० व्या अध्यायांत तें सृष्टीच्या उत्पत्तीचें आहे: देवानें सहा दिवस कार्य करून सातव्या दिवशीं विसावा घेतला. अनुवादाच्या ५ व्या अध्यायांत मिसर देशांतील दास्याचें स्मरण करून दिलें आहे. गुलामाला सुटी नसते. जो स्वतः गुलाम होता, त्यानें आपल्या दासाला, दासीला, परक्याला, इतकेंच नव्हे तर बैलाला व गाढवालाही आपल्याबरोबर विसावा द्यावा, असा तेथील भाव आहे. म्हणजे शब्बाथ हा जसा देवाच्या गौरवाचा, तसाच चाकराच्या हक्काचाही दिवस होय.

ह्या दिवसाचें सामर्थ्य पाहावयास दूर जावयास नको. पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील किनाऱ्यालगतच्या गांवीं बेने इस्राएल लोक पिढ्यान्पिढ्या तेलाचा घाणा चालवीत आले. भाषा मराठी, पेहराव मराठी. परंतु शनिवारीं त्यांचा घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. स्वजातीयांपासून शेंकडों वर्षें दूर राहूनही त्यांची ओळख पुसली गेली नाहीं, ह्याला हा शनिवार मोठें कारण झाला. अशा दिवसाची थट्टा करणें कोणालाही शोभत नाहीं.

२. प्रभूनें काय केलें?

प्रभु येशु आपल्या रिवाजाप्रमाणें शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जात असे, असें लूक ४ व्या अध्यायांत सांगतो. त्याच लूकाच्या १३ व्या अध्यायांत अठरा वर्षें कुबडी होऊन वांकलेल्या स्त्रीला त्यानें शब्बाथीं बरें केलें. अधिकारी रागावला, तेव्हां प्रभूनें विचारिलें कीं, तुम्ही आपल्या बैलाला शब्बाथीं सोडून पाण्यावर नेतां, तर मग ह्या अब्राहामाच्या कन्येला बंधनांतून सोडूं नये काय? मार्काच्या २ ऱ्या अध्यायांत तो शिकवितो कीं, दिवस हा मनुष्यासाठीं आहे, मनुष्य दिवसासाठीं नव्हे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. प्रभूनें शब्बाथ मोडून टाकिला असें शुभवर्तमानांत नाहीं. आणि शनिवार बदलून रविवार पाळा, अशी आज्ञाही नव्या करारांत कोठें नाहीं. आमचा विद्यार्थी एवढ्यापुरता अगदीं बरोबर होता.

३. रविवार कोठून आला?

कित्येक म्हणतात कीं, रविवार कॉन्स्टंटाईन बादशहानें लादिला. हें खरें नव्हे. ख्रिस्त आठवड्याच्या पहिल्या दिवशीं उठला, म्हणून शिष्यांस तो दिवस प्रिय झाला. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २० मध्यें त्रोवस येथें पहिल्या दिवशीं शिष्य भाकर मोडण्यास जमलेले दिसतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १६ व्या अध्यायांत पौल त्याच दिवशीं वर्गणी बाजूस ठेवावयास सांगतो. इ. स. १५५ च्या सुमारास रोम येथें जस्टिन मार्टर रविवारच्या उपासनेचें सविस्तर वर्णन लिहितो. कॉन्स्टंटाईनचा हुकूम इ. स. ३२१ चा. त्यानें न्यायालयांस व शहरांतील लोकांस रविवारची सुटी दिली. शेतकऱ्यांस मात्र काम करण्याची मोकळीक ठेविली. ह्याचा अर्थ असा कीं, पहिलीं जवळजवळ तीनशें वर्षें रविवार हा उपासनेचा दिवस होता, सुटीचा नव्हता.

शनिवारही एकदम लोपला नाहीं. चौथ्या शतकांत लावदिकीया येथील धर्मसभेला, शनिवारीं काम बंद ठेवूं नका, असा ठराव करावा लागला. म्हणजे ठेवणारे होतेच. इथिओपियाच्या प्राचीन मंडळीनें दोन्ही दिवस मानिले. सतराव्या शतकांत इंग्लंडांत सातव्या दिवसाचे बॅप्टिस्ट निघाले, आणि १८६३ मध्यें अमेरिकेंत सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची रीतसर स्थापना झाली.

४. मग बंधन आहे काय?

शनिवार पाळणारे बंधु म्हणतात: शब्बाथ मोशेच्याही पूर्वींचा, उत्पत्तीपासूनचा आहे, म्हणून तो सर्व मानवांस लागू. हा मुद्दा वजनदार आहे. परंतु उत्पत्तीच्या २ ऱ्या अध्यायांत देवाचा विसावा सांगितला आहे. मनुष्यांनीं तो पाळावा असें प्रथम निर्गमाच्या १६ व्या अध्यायांत, मान्न्याच्या प्रसंगीं येतें. पुढें विदेशी लोक ख्रिस्ती झाले, तेव्हां त्यांच्यावर नियमशास्त्राचें ओझें किती घालावें, हा प्रश्न यरुशलेमेंत प्रेषितांपुढें आला. त्यांच्या ठरावांत (कृत्यें १५) सुंता नाहीं, तसा शब्बाथही नाहीं. कलस्सैकरांस लिहितांना पौल सण, अमावास्या व शब्बाथ ह्यांना येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणतो, आणि त्यांवरून कोणी तुमचा न्याय करूं नये असें बजावितो. यास्तव सातवा दिवस पाळणें हें ख्रिस्ती मनुष्यावर बंधन नाहीं, असें आमचें मत आहे.

पण पौलाचा तोच नियम आम्हांसही लागू पडतो. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायांत तो म्हणतो कीं, एक जण एक दिवस विशेष मानितो, दुसरा सर्व सारखे मानितो. प्रत्येकानें आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. जो प्रभूसाठीं शनिवार पाळितो, त्याला हांसण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

आणखी असें कीं, दिवसाचें बंधन सुटलें म्हणून विसाव्याचा हेतु सुटत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांस आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं वर्षानुवर्षें खटपट करून १८९० मध्यें ती रविवारीं मिळवून दिली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, ते सत्यशोधक समाजाचे पुढारी होते. परंतु अनुवादाच्या ५ व्या अध्यायांत चाकराच्या विसाव्याची जी काळजी आहे, तीच त्यांच्या हातून त्या वर्षीं फळास आली. आतां पालकांस आम्ही नम्रपणें विचारितों: रविवारीं आपण धुतलेले कपडे घालून देवळांत बसतों, त्या वेळीं आपल्या घरीं भांडीं कोण घांसतें? घरच्या माउलीला त्या दिवशीं इतर दिवसांहून दुप्पट स्वयंपाक पडतो कीं नाहीं? शनिवार कीं रविवार, हा वाद घालण्यापूर्वीं ह्या प्रश्नाचें उत्तर आपण दिलें पाहिजे.

त्या विद्यार्थ्याची चांचणी आम्हीं पुढें मंगळवारीं घेतली, आणि आमचें पूर्वींचें उत्तर उडवाउडवीचें होतें हें वर्गापुढें कबूल केलें. मग मुलांस एकच प्रश्न विचारिला: "उद्यां परीक्षा रविवारीं, उपासनेच्या वेळींच ठेविली, तर तुमच्यांतील किती जण घरीं राहतील?" एकही हात वर झाला नाहीं. विद्यार्थीमित्रहो, तो हात आम्हींही वर केला नव्हता. आज्ञा कोणत्या दिवसाची हें शिकविण्याचें काम आमचें होतें. तिच्यासाठीं गुण सोडावे लागले तर सोडावे, हें त्या मुलानें आम्हांस शिकविलें.