रातकिड्यांचा डबा

राहुरी

चि. अथर्व,

तुझ्या पॅकमन बेडकाचा फोटो पाहिला. पिल्लू अजून नाण्याएवढंच आहे, म्हणजे त्याला जवळजवळ रोज खायला लागणार. जिन्यातल्या दिव्याखाली पडलेले किडे वेचून घालतोस, ते आजपासून बंद कर. डोंबिवलीत पावसाळ्यात डासांसाठी धूरफवारणी होते, सोसायटीत झुरळांचं औषध मारतात. अंगात विष भिनलेला किडाच हाताला सहज लागतो.

रातकिडे घरी वाढव. माझी नोकरी कॉर्सायरा पतंग वाढवण्याची. ज्वारीच्या भरडीवर तो वाढतो, त्याच्या अंड्यांवर मित्रकीटक वाढवून केलेली ट्रायकोकार्डं उसाची खोडकीड आवरायला शेतात जातात. भरडीला जरा ओल लागली की बुरशी धरते आणि सगळा डबा फुकट जातो. तुमच्याकडच्या दमट हवेत रातकिड्यांचंही तेच होईल. म्हणून डब्याचं झाकण कापून त्यावर बारीक स्टीलची जाळी बसव. प्लॅस्टिकची ते कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लाव आणि मऊ पडले की बदल. पाण्याची वाटी नको, पिल्लं बुडतात. गाजराचा ताजा तुकडा पुरे. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत विटेवर ठेव. (कॉर्सायरा मात्र मागू नकोस. निसटला तर ताईच्या तांदळात जाळी धरेल.)

अंड्यांसाठी ओलसर कोकोपीटची वाटी ठेव. मादीच्या मागच्या टोकाला सुईसारखी लांब नळी असते. ती नळी ओल्यात खुपसते, जरा थांबते, बाहेर काढून शेजारी पुन्हा खुपसते. नीट बघ, मजा येईल. दोन-तीन दिवसांनी वाटी वेगळ्या डब्यात काढ. तीस अंशांच्या आसपास साधारण दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं निघतात, आणि त्यांना पूर्ण वाढायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून दुसरा डबा लगेच सुरू कर, नाहीतर मध्येच खाणं संपेल.

बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद किडा घालायचा नाही. मीलवर्म अधूनमधूनच ठीक, कारण त्यांची कातडी कडक असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. घालण्याच्या आदल्या दिवशी त्याला शेवग्याचा पाला आणि गाजर भरपूर खाऊ दे. पालक नको, त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. रातकिड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम फार कमी. ते भरून काढलं नाही तर बेडकाचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून छोट्या डबीत चिमूटभर कॅल्शियम पावडर घालून रातकिडे हलकेच घोळव आणि पांढरे झाले की लगेच घाल, कारण थोड्याच वेळात ते अंग साफ करून टाकतात. डी-3 असलेली पावडर किती दिवसांनी द्यायची ते पशुवैद्याला विचार. न खाल्लेले रातकिडे रात्री टाकीत राहू देऊ नकोस, ते बेडकालाच चावतात.

तुझा मित्र खोणीच्या भातशेतातून बेडूक धरून आणणार म्हणतो, त्याला अडव. भातावरच्या किडी खाणारे बेडूक पायांसाठी मारले जात होते, म्हणून सरकारने 1987 साली बेडकांच्या पायांची निर्यातच बंद केली. ते शेतातच हवेत. आणि तुझा बेडूक किंवा त्याच्या टाकीचं पाणी कधीही बाहेरच्या डबक्यात सोडू नकोस. कातडीची बुरशी त्यातून इथल्या बेडकांना लागू शकते.

पहिली पिल्लं निघाली की कळव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा