‘लेदर’ हा शब्द आणि त्याचे सोयरे

गतवर्षीं आठवीच्या वर्गास आम्हीं ‘माझ्या वडिलांचा व्यवसाय’ ह्या विषयावर इंग्रजींत दहा ओळी लिहावयास सांगितल्या. एका मुलानें लिहिलें, ‘माय फादर कट्स स्किन्स.’ तें मोठ्यानें वाचलें जातांच वर्ग हंसला. आणि सांगावयास संकोच वाटतो, परंतु आम्हीहि हंसलों. मुलानें जी मान खालीं घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाहीं. त्याचे वडील कोल्हापुरी पद्धतीचीं पायताणें करितात. मुलानें कोशांत ‘चामडें’ हा शब्द काढला, त्यापुढें तीन-चार इंग्रजी शब्द ओळीनें दिलेले होते, त्यांतला सर्वांत सोपा त्यानें उचलला. त्या शब्दांतील भेद आम्हींच कधीं शिकविला नव्हता. तें देणें आज फेडावयाचें आहे.

‘स्किन’ म्हणजे कातडी, मग ती मनुष्याची असो, शेळीची असो कीं केळ्याची साल असो. व्यापारांत मात्र शेळी, मेंढी, वासरूं अशा लहान जनावरांच्या कातड्यास ‘स्किन’ म्हणतात आणि गाय, बैल, म्हैस ह्यांच्या कातड्यास ‘हाइड’ म्हणतात. केंस वा लोंकर न काढतां ठेवलेलें कातडें तें ‘पेल्ट’. हे तिन्ही शब्द कच्च्या मालाचे आहेत. ‘लेदर’ हा पक्क्या मालाचा शब्द आहे. कच्चें कातडें ओलें राहिल्यास सडतें, वाळल्यास लांकडासारखें ताठ होतें. झाडाच्या सालींतील तुरट द्रव्य त्यांत मुरविलें म्हणजे तें कातड्याच्या तंतूंस धरून बसतें, आणि मग तें सडत नाहीं व लवचीक राहतें. ह्या क्रियेस ‘टॅनिंग’ म्हणतात, आणि तिच्यांतून जें निघतें तेंच ‘लेदर’. इंग्लंडांत ह्यासाठीं ओक वृक्षाची साल वापरीत. आपल्याकडे बाभळीची साल व हिरडा. आतां जगांतील बहुतेक चामडें क्रोमच्या क्षारांनीं कमावितात.

म्हणून ‘द काउ हॅज ब्राउन लेदर’ हें वाक्य चुकीचें. जिवंत गाईच्या अंगावर ‘लेदर’ नसतें. खरें पाहतां ‘लेदर’ ह्यास इंग्रजींत समानार्थी शब्दच नाहीं; कोशांत शेजारीं बसतात ते त्याचे सोयरे होत, जुळे भाऊ नव्हेत.

हेंच आम्हीं त्या मुलाच्या वडिलांस, ते शाळेंत आले असतां, मोठ्या ऐटीनें समजावूं लागलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, “मास्तर, हें आमच्यांतहि आहेच कीं. नासतें तें कातडें, नासत नाहीं तें चामडें.” आमची पाव तासाची व्याख्या त्यांनीं सहा-सात शब्दांत उरकली!

आतां क्रियापदाकडे वळूं. ‘टु लेदर’ म्हणजे बडवून काढणें, मूळ अर्थानें चामड्याच्या पट्ट्यानें. ‘टु टॅन समवन्स हाइड’ आणि ‘टु गिव्ह अ हायडिंग’ हे त्याच घरचे. मराठींत ‘चामडी लोळविणें’ आहेच. मार खाण्याच्या बाबतींत सर्व भाषा श्रीमंत असतात असें दिसतें. तसेंच ‘थिक-स्किन्ड’ मनुष्यास आपण गेंड्याच्या कातडीचा म्हणतों; येथें मात्र ‘लेदर’ चालत नाहीं. शिजूनहि न तुटणाऱ्या मांसास ‘लेदरी’ म्हणतात. ‘लेदर्न’ हें जुनें विशेषण १६११ च्या इंग्रजी बायबलांत आढळतें, बोलण्यांत आतां नाहीं. क्रिकेटच्या वर्णनांत ‘लेदर’ म्हणजे चेंडूच, कारण त्याचें आवरण चामड्याचें. चौकारांमागून धांवणाऱ्या बिचाऱ्या क्षेत्ररक्षकांच्या कामास पूर्वीं ‘लेदर-हंटिंग’ म्हणत. ‘हेल फॉर लेदर’ म्हणजे भरधांव, मूळचें घोडा दौडविण्याविषयीं. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेल्या किप्लिंगनें तें वापरलें आहे. पहिला शब्द नरकवाचक असल्यामुळें विद्यार्थ्यांनीं तें ओळखावें, निबंधांत घालूं नये.

चामड्याच्या जातींचीं नांवें म्हणजे भूगोलाचा एक लहानसा धडाच. शेळीच्या मऊ चामड्यास ‘मोरोक्को’ म्हणतात, तें त्या देशावरून. ‘कॉर्डोव्हन’ स्पेनमधील कॉर्डोबा शहरावरून. आणि ‘स्वेड’ हें स्वीडन देशाच्या फ्रेंच नांवावरून, कारण फ्रेंच लोक तसल्या हातमोज्यांस स्वीडनचे हातमोजे म्हणत. ‘बफ’ हा फिका पिवळट रंग म्हशीच्या इंग्रजी नांवापासून निघाला. ‘रेक्झिन’ हें चामडेंच नव्हे. तें लेप दिलेलें कापड, आणि मूळचें एका विलायती मालाचें व्यापारी नांव.

ह्या कॉर्डोबावरूनच ‘कॉर्डवेनर’ हा शब्द आला. नव्या चामड्याचे जोडे करणारा तो ‘कॉर्डवेनर’. हल्लींच्या बोलींत ‘शूमेकर’. जुने जोडे दुरुस्त करणारा तो ‘कॉबलर’. मुलाच्या वडिलांस आम्हीं हे शब्द सांगतांच त्यांनीं विचारलें, “मग पोरानें मला कोणतें लिहावें?” आम्हीं ‘कॉबलर’ म्हणालों, कारण कोशांत तोच पहिला होता. अर्थ कळतांच ते म्हणाले, “मी ठिगळें लावीत नाहीं, मास्तर. नवा जोड बांधतों.” येथें आम्ही दुसऱ्यांदां चुकलों.

हा भेद क्षुल्लक समजूं नये. विल्यम कॅरी ह्यांनीं तरुणपणीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत हाच धंदा केला. पुढें बंगालमध्यें येऊन त्यांनीं १८०५ त मराठीचें व्याकरण व १८१० त मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. असें सांगतात कीं, एका मोठ्या मेजवानींत एका अधिकाऱ्यानें, कॅरींस ऐकूं जाईल अशा बेतानें, हे पूर्वीं ‘शूमेकर’ होते ना, असें विचारलें. तेव्हां कॅरींनीं स्वतःच उत्तर दिलें कीं तेवढेंहि नाहीं, केवळ ‘कॉबलर’. हिणविणाऱ्यानें जो शब्द योजला त्याच्याहून एक पायरी खालचा शब्द त्यांनीं आपण होऊन घेतला. दोन शब्दांतील अंतर ज्यास ठाऊक नाहीं त्यास ह्या उत्तरांतील धार कळणार नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलानें निबंध पुन्हां लिहून आणला. पहिलें वाक्य होतें, ‘माय फादर इज अ शूमेकर.’ दुसरें, ‘ही कट्स लेदर, नॉट स्किन्स.’ ह्या ‘नॉट स्किन्स’ची आवश्यकता नव्हती. आम्हीं तें खोडलें नाहीं, आणि ह्या वेळीं निबंध वर्गापुढें मोठ्यानें आम्हींच वाचला.