कठीण दगडांची झिलई

गोदावरी, भीमा किंवा कृष्णा यांच्या वाळवंटांतून हिंडतांना पायांशीं लोळणारे रंगीबेरंगी गोटे उचलून खिशांत घालण्याचा मोह कोणास झाला नाहीं? पाण्यांत असतांना जो गोटा पोवळ्यासारखा दिसतो, तोच घरीं आणून वाळला म्हणजे अगदीं निस्तेज होतो, आणि दोन दिवसांनीं घरांतील वडील मंडळी त्यास खिडकीबाहेरची वाट दाखवितात. पाण्यानें दिलेलें तें तेज कायमचें राखतां येईल काय? येतें, परंतु प्रत्येक दगडास सारख्याच युक्तीनें नव्हे.

ओला दगड तेजस्वी कां दिसतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश असंख्य बारीक खांचांवरून दाही दिशांस विखुरला जातो, व त्या पांढुरक्या प्रकाशाखालीं दगडाचा स्वतःचा रंग झांकून जातो. पाणी त्या खांचा भरून काढतें, पृष्ठभाग सपाट होतो आणि आंतील रंग बाहेर दिसूं लागतो. झिलई म्हणजे हेंच काम पाण्यावांचून करणें होय. येथें खांचा भरावयाच्या नसतात. त्या इतक्या उथळ करावयाच्या असतात कीं, त्यांची खोली प्रकाशलहरीच्या लांबीहून पुष्कळ कमी व्हावी. ही लांबी मिलिमीटरच्या सुमारें दोनहजाराव्या हिश्श्याएवढी असते. न्यूटननें १७०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथांत हेंच तत्त्व सांगितलें आहे: घासण्यानें ओरखडे नाहींसे होत नाहींत, ते डोळ्यांस दिसेनासे होण्याइतके बारीक होतात.

नदी हजारों वर्षें गोटे लोळविते, तरी आरशासारखा गोटा तिच्या पात्रांत सांपडत नाहीं. कारण जाड वाळू व बारीक गाळ तेथें एकत्रच वाहत असतात. गाळानें जें साधावें तें वाळूचा एक कण क्षणांत बिघडवून टाकतो. मनुष्यानें नदीचेंच काम हातीं घेतलें, पण जाड व बारीक यांची फारकत केली. सारी विद्या या फारकतींत आहे.

ही विद्या आपल्या शेजारींच फार जुनी आहे. गुजराथेंतील खंबायत ऊर्फ खंभात या गांवीं अकीक दगडाचे मणी करण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आणि तेथून फार दूर नसलेल्या लोथल येथील उत्खननांत हडप्पा काळांतील मणिकारांचा कारखानाच सांपडला. भडोच जिल्ह्यांतील रतनपूरच्या खाणींचा पिवळसर अकीक मातीच्या मडक्यांत घालून मंद आंचेवर भाजला म्हणजे आंतील लोहाच्या संयुगाचें रूप पालटून तो तांबडा होतो. मणी घडल्यावर ते कुरुंदाची पूड, अकीकाची भुकटी व पाणी यांसह चामड्याच्या पिशवींत भरीत. दोन माणसें समोरासमोर बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटीत, आणि हें लोटणें दहा-पंधरा दिवस चाले. पुढें या पिशवीची जागा विजेच्या यंत्रावर फिरणाऱ्या पिंपानें घेतली. तत्त्व मात्र तेंच राहिलें.

घरगुती यंत्राचें पिंप रबराचें असून दोन दांड्यांवर आडवें ठेवलेलें असतें व तें सावकाश फिरतें. तें दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरावें. त्याहून कमी भरल्यास दगड घसरण्याऐवजीं आपटतात, अधिक भरल्यास हालतच नाहींत. पाणी वरच्या थरांतील दगडांच्या किंचित् खालीं असावें. पूड सिलिकॉन कार्बाइडची घेतात. ती कुरुंदाहूनही कठीण असते. पहिली पूड भरड रव्यासारखी, दुसरी मध्यम, तिसरी पिठासारखी, आणि शेवटीं झिलईची पूड; ही बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. प्रत्येक पायरीस सुमारें एक आठवडा लागतो. भरड पुडीच्या पायरीस मात्र मुदत घालूं नये. दगड गुळगुळीत व भेगारहित होईपर्यंत, मग महिना कां लागेना, तो तेथेंच फिरूं द्यावा; त्यांत दगडाचा चौथा हिस्सा झिजला तरी हळहळ करूं नये. पुढील पायऱ्या पूर्वींच्या पायरीचे ओरखडे पुसतात, खळगे भरून काढीत नाहींत.

अकीक व जास्पर यांस ही रीत पुरते. हे दोन्ही दगड गारगोटीच्याच कुळांतले, सर्वत्र सारखे कठीण व दाट विणीचे. ज्यांस आपण येथें कठीण म्हणत आहोंत ते दगड नेहमींच टणक असतात असें नाहीं. उलट पुष्कळ वेळां ते मऊ असल्यामुळेंच अवघड होतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस यानें १८१२ सालीं काठिण्याची जी मोजपट्टी केली, तींत हिऱ्यास दहा, कुरुंदास नऊ, गारगोटीस सात, फेल्डस्पारास सहा व कॅल्साइटास तीन हे अंक आहेत. साध्या चाकूनें ज्यावर ओरखडा उठतो तो दगड अकीकाच्या पिंपांत घालूं नये. घातल्यास अकीकच त्याला खाऊन टाकील.

पहिली अडचण मिश्र दगडांची. लाजवर्दाचें उदाहरण घ्या. त्याचें निळें अंग साडेपांचाच्या आंतलें, पांढऱ्या कॅल्साइटच्या शिरा तिनाच्या, आणि सोनेरी ठिपके सहाहूनही अधिक. तिन्ही एकाच वेळीं घासलीं म्हणजे मऊ भाग आधीं झिजून खोल जातो व कठीण भाग उंच राहतो. दगडावर नारिंगाच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. जेडचेंही कित्येकदां असेंच होतें. यास दोन उपाय आहेत: मुळांतच सर्वत्र एकसारखा दिसणारा तुकडा निवडावा, आणि मधल्या दोन पायऱ्या लांबवून पिंपांतील मिश्रण दाट ठेवावें, म्हणजे कण जोरानें न खरडतां हळूं सरकतात. तरीही लाजवर्द पुष्कळदां हातानेंच घासणें बरें, असें माझें मत आहे.

दुसरी अडचण ठिसूळपणाची. चंद्रकांत हा फेल्डस्पाराच्या जातीचा दगड. त्याच्या अंगांत फुटण्याच्या दोन ठरलेल्या दिशा असतात, त्या एकमेकींशीं जवळजवळ काटकोन करतात. नुसत्या टकरीनें त्याच्या कडांवर पांढरे डाग पडतात व पातळ पापुद्रे सुटतात. ऑब्सिडियन नांवाची ज्वालामुखीची काच दिसावयास साधी, पण तिच्या कडा काचेसारख्याच टवके उडवून घेतात. अशा दगडांस उशी लागते. चिनीमातीच्या किंवा प्लास्टिकच्या बारीक गोळ्या भरपूर घालाव्या, पिंप थोडें अधिक भरावें, व फिरण्याचा वेग मंद ठेवावा. पाण्यांत थोडी साखर विरघळवून तें दाट करण्याचीही चाल आहे. हें ऐकून हंसूं येईल, पण दाट पाण्यांत दगड एकमेकांवर हळूं पडतात, एवढेंच त्याचें रहस्य आहे. काचेसारख्या दगडांस शेवटीं सीरियम ऑक्साइडची पूड विशेष मानवते.

तिसरी अडचण सच्छिद्र दगडांची, आणि ती आपल्या दाराशींच आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा थिजलेला रस होय. त्यांत वायूच्या बुडबुड्यांनीं पोकळ्या राहिल्या. कांहींत पुढें अकीक भरला, कांहीं रित्याच राहिल्या. रित्या छिद्रांत भरड पूड दडून बसते आणि झिलईच्या पायरींत बाहेर पडून साऱ्या पिंपाचा नाश करते. यासाठीं सच्छिद्र दगड वेगळे काढावे. काळ्या पाषाणास बहुधा मंद तकाकीच येते, तींतच समाधान मानावें. चांगल्या दगडांसही प्रत्येक पायरीनंतर जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें भेगाभेगांतून धुवावें, आणि झिलईसाठीं पिंपच निराळें राखावें. त्याच पोकळ्यांतून जळगांव, नाशिक व पुणें जिल्ह्यांत जे ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट इत्यादि स्फटिक निघतात, ते मऊ व पापुद्र्यांचे असतात. त्यांचें सौंदर्य निसर्गानें घडविलेल्या पैलूंत आहे. ते पिंपांत घालणें म्हणजे मोराचा पिसारा कातरणें.

झिलई झाली कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे, तरी उतावीळ मुलें तींत फसतात. पिंपांतून काढलेला ओला दगड नेहमींच चकाकतो. तो धुवून, पुसून, पूर्ण वाळवून दिव्याखालीं धरावा. दिव्याचें प्रतिबिंब रेखीव दिसलें तर काम झालें. धुकट दिसलें तर नाहीं. मग एक थेंब पाणी लावून पाहावें. ओल्या भागाचा रंग कोरड्याहून गडद झाला, तर झिलईच्या पुडीस दोष न देतां दगड एक पायरी मागें न्यावा. ओरखडे तेथेंच राहिलेले असतात. नुसतें धुकें उरलें असेल, तर साबणाचा कीस व पाणी घालून एक दिवस फिरवावें. पुष्कळदां तेवढ्यानें तें निघून जातें.

आतां दोन शब्द विशेषतः पालकांसाठीं. पिंपांतील घासकाम ओलें असतें, व तें ओलेंच राहिलें पाहिजे. खंबायतेस जे कारागीर फिरत्या चाकावर कोरडा अकीक घासीत आले, त्यांच्या श्वासाबरोबर गारेची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसांत जाऊन कित्येकांस सिलिकोसिस नांवाचा रोग जडला. हा रोग बरा होत नाहीं. काम घरोघर चालत असल्यामुळें कारागिरांच्या कुटुंबांतील माणसें व शेजारीही त्यांतून सुटलीं नाहींत. म्हणून मुलांनीं कोरडा दगड विजेच्या चाकावर घासूं नये, हातोड्यानें फोडतांना डोळ्यांवर चष्मा असावा, आणि पिंपांतील गाळ अंगणांत वाळूं देऊन नंतर झाडूनें उडवूं नये. हा गाळ मोरींतही ओतूं नये. तो नळांत बसून सिमेंटासारखा घट्ट होतो. बादलींत निवळूं द्यावा, वरचें पाणी काढून टाकावें, व खालचा चिखल ओला असतांनाच खड्ड्यांत पुरून टाकावा. कांहीं दगडांमुळें पिंपांत वायु सांचून झांकण फुगतें, तेव्हां पहिल्या एक-दोन दिवसांत तें मधून मधून उघडून पाहावें.