मनाच्या आजारात घोड्याची साथ : अश्वसाहाय्यित उपचारपद्धती

घोडा म्हटला की आपल्यासमोर टांगा, लग्नाची वरात किंवा तापीकाठच्या सारंगखेडा यात्रेतील बाजार येतो. भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या मोहिमा पार पाडल्या, हेही आपण जाणतो. ट्रॅक्टर व मोटारी आल्यापासून मात्र घोड्याचे काम कमी होत गेले. अमेरिका व युरोपातील देशांत याच प्राण्याला एक नवे काम मिळाले आहे. मानसिक आजारातून सावरणाऱ्या रुग्णांच्या उपचारात तेथे घोड्याची मदत घेतली जाते. ही पद्धती काय आहे, तिचा उपयोग कितपत होतो व तिच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

डेन्मार्कच्या लिस हार्टेल या घोडेस्वार महिलेला १९४४ मध्ये पोलिओ झाला व गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर बसताना व उतरताना त्यांना दुसऱ्याचा आधार लागत असे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळविले. या घटनेने अपंगांसाठी घोडेस्वारीच्या चळवळीला मोठी चालना मिळाली. १९६९ मध्ये इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत या कामासाठी राष्ट्रीय पातळीवरील संस्था स्थापन झाल्या. सुरुवातीला भर शरीराच्या व्यायामावर होता. पुढे मानसिक आजारांसाठी घोड्याचा वापर वाढत गेला व १९९९ मध्ये अमेरिकेत त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली.

घोडाच का?

घोडा हा कळपात राहणारा व शिकारी प्राण्यांपासून पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्यामुळे आजूबाजूची बारीकशी हालचालही त्याच्या लक्षात येते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने नाकासमोरची व शेपटीमागची थोडी जागा सोडून त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते. माणूस चिडलेला आहे, घाबरलेला आहे की शांत आहे, याचा परिणाम त्याच्या वागण्यावर होतो. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ घोड्यांना माणसांच्या रागीट व हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली. रागीट चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढल्याचे आढळले.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. घोडा त्याला नावे ठेवत नाही, त्याची कीव करीत नाही किंवा आजाराबद्दल विचारीत नाही. परंतु रुग्ण ताठरपणे, घाईने जवळ गेला तर तो मागे सरतो व सावकाश गेला तर उभा राहतो. चारपाचशे किलोचे जनावर आपल्या हाकेने चालते, हे पाहून खचलेल्या माणसाला स्वतःबद्दल विश्वास वाटू लागतो.

उपचाराची रीत

पुष्कळ ठिकाणी या उपचारात घोड्यावर बसविले जात नाही. सर्व काम जमिनीवर उभे राहून होते. एका बाजूला मानसोपचाराचे शिक्षण घेतलेली व्यक्ती व दुसऱ्या बाजूला घोड्याचा जाणकार असे दोघे सतत हजर असतात. सत्राचा क्रम साधारणपणे असा असतो :

१) कुंपणाबाहेरून घोड्याचे निरीक्षण करणे. कान टवकारणे, कान मागे पाडणे, शेपटी झटकणे या खुणा ओळखण्यास शिकणे.

२) खांद्याच्या बाजूने, हलकेच बोलत जवळ जाणे व मानेवर हात ठेवणे.

३) खरारा करणे, आयाळ विंचरणे, खूर उचलून साफ करणे.

४) दोरी धरून घोड्याला चालविणे, थांबविणे, वळविणे.

५) शेवटी उपचारकासोबत बसून काय घडले, त्या वेळी मनात काय आले, यावर बोलणे.

यातील पाचवा भाग हाच खरा उपचार होय. तो वगळला तर उरते ती केवळ घोड्याची सेवा.

अभ्यासातून काय दिसते?

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने आघातामुळे मानसिक त्रास होत असलेल्या ६३ माजी सैनिकांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा, दीड तासाचे एक याप्रमाणे ८ सत्रे गटाने घेण्यात आली. निम्म्याहून थोड्या अधिक सैनिकांच्या लक्षणांत चांगली घट झाली व ती तीन महिन्यांनंतरही टिकून होती.

मात्र बियाण्याची चाचणी घेताना आपण शेजारी तुलनेसाठी दुसरा वाण लावतो, तसा तुलनेचा गट या प्रयोगात नव्हता. त्यामुळे फरक घोड्यामुळे पडला, की गटात मिळालेल्या सोबतीमुळे, की काळ गेल्यामुळे, हे त्यातून ठरत नाही. २०१४ मध्ये अशा १४ अभ्यासांची छाननी झाली असता बहुतेकांत याच प्रकारच्या उणिवा आढळल्या. म्हणून ही पद्धती पूरक समजावी. डॉक्टरांनी दिलेली औषधे व समुपदेशन यांची जागा ती घेऊ शकत नाही. घोड्याजवळ बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका असतो.

घोड्याची निवड व निगा

अशा कामासाठी वयाने प्रौढ, शांत व माणसाळलेला घोडा लागतो. चावणारा, लाथ मारणारा किंवा आवाजाला बुजणारा घोडा वापरू नये. पुढील बाबींकडे लक्ष द्यावे :

१) विश्रांतीच्या वेळी निरोगी घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. घोडा अस्वस्थ दिसल्यास सत्र थांबवावे. एकापाठोपाठ एक सत्रे लावून त्याला थकवू नये.

२) वैरण व पाणी वेळेवर द्यावे. चंदी एकदम न वाढविता हळूहळू वाढवावी. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे खाण्यातील चुकीने होणारी पोटदुखी जिवावर बेतू शकते.

३) खुरांची छाटणी दर सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून करून घ्यावी.

४) ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसाला होऊ शकतो. नाकातून चिकट स्राव व अंगावर गाठी-जखमा दिसल्यास घोडा वेगळा बांधून पशुवैद्यकास त्वरित कळवावे. निदानासाठी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासणीची सोय आहे.

५) लिदीतून व मातीतून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात. घोड्यांत काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

घोड्याच्या केसांची ॲलर्जी असणारे, अनावर आक्रमक झालेले किंवा भ्रमाच्या तीव्र अवस्थेतील रुग्ण यांना घोड्याजवळ नेऊ नये.

आपल्यासाठी काय घेण्यासारखे?

केवळ उपचारासाठी घोडा विकत घेण्याची गरज नाही. तसेच घोडा दारी आहे म्हणून प्रशिक्षित उपचारकाशिवाय असे केंद्र काढणे रुग्णाच्या व घोड्याच्याही हिताचे नाही. परंतु या पद्धतीतील एक गोष्ट प्रत्येक शेतकरी कुटुंबाला उपयोगी आहे. आजारातून उठलेल्या माणसाला घरात बसवून ठेवण्याऐवजी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोज ठरावीक वेळी झेपेल असे काम द्यावे. गाईला वैरण घालणे, वासराला पाणी पाजणे, बैल धुणे ही कामे त्याच्यावर सोपवावीत. काम बिघडले तर रागावू नये व जमले तर तसे बोलून दाखवावे. धारदार अवजारे व कीटकनाशके मात्र कुलपात ठेवावीत.

झोप उडणे, जेवण तुटणे, कोणाशी न बोलणे, जगण्यात राम नाही असे वारंवार म्हणणे ही लक्षणे दिसल्यास अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात रुग्णास न्यावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. जनावर दोन दिवस वैरणीला तोंड लावीना तर आपण लगेच पशुवैद्यकाला बोलावतो. घरातल्या माणसासाठीही तेवढीच तत्परता दाखवावी.