जड बंपर आणि मालमोटारीचे पाटे

रस्त्यात गुरे आडवी येतात, अरुंद वळणावर समोरचे वाहन घासते, या भीतीने अनेक वाहनमालक मूळ बंपरच्या जागी लोखंडी नळ्यांचा जड बंपर बसवून घेतात. काही दिवसांत मालमोटारीचे तोंड खाली बसलेले दिसते आणि पुढच्या पाट्यांत एक जादा पाटा घालण्याचा सल्ला मिळतो. या उपायाने काय साधते, हे तरफेच्या नियमाने समजून घेता येते.

भाराचे गणित

पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ३.६ मीटर आहे आणि मूळ बंपरपेक्षा ८० किलोने जड असलेला बंपर पुढच्या आसाच्या ०.९ मीटर पुढे बसविला आहे, असे धरू. मागचा आस टेकू मानल्यास हा भार त्यापासून ४.५ मीटरवर येतो. ८० ला ४.५ ने गुणून ३.६ ने भागल्यास उत्तर १०० येते. म्हणजे पुढच्या आसावर १०० किलो भार वाढतो आणि मागच्या आसावरील भार २० किलोने घटतो. पुढच्या प्रत्येक पाटासंचाच्या वाट्यास ५० किलो येतात. ५ किलोस १ मिलिमीटर दबणारा संच त्यामुळे १० मिलिमीटर खाली बसतो. खड्ड्यात दबण्यासाठी राखलेली जागा तेवढी कमी होते, दिव्यांचा झोत ढळतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाके ब्रेक लावताच घसरण्याचा संभव वाढतो.

जादा पाट्याची मर्यादा

सारख्या जाडीच्या ७ पाट्यांत आठवा घातला, तर संचाचा ताठरपणा सुमारे एक-सप्तमांशाने वाढतो. पाट्याची जाडीच दुप्पट केली, तर त्याचा ताठरपणा आठपट होतो. म्हणून अंदाजाने निवडलेला जाड पाटा गाडीस हादरे देतो व मूळचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्यास पुरा पडत नाही. शिवाय आस, बेअरिंग, टायर व ब्रेक यांची क्षमता पाट्याने वाढत नाही. तोंड वर उचलले तरी भार होता तेथेच राहतो.

कायदा व पादचारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करण्यास मनाई आहे. असे अनधिकृत बंपर पादचारी व प्रवासी या दोघांनाही धोकादायक असल्याने त्यांविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ग्रामपंचायतीच्या टँकरला वा घंटागाडीला असा बंपर असल्यास तो उतरवून मूळ बंपर बसवावा. पाटे खरोखरच थकले असल्यास उत्पादकाने नेमून दिलेला संच दोन्ही बाजूंस एकाच वेळी घालावा आणि नंतर चाकांची जुळणी व दिव्यांचा झोत तपासून घ्यावा. त्याच रस्त्याने गावातील मुले शाळेस जातात, याचा विसर पडू नये.